निजामशाहीतला फिरंगी वैद्य : गार्सिया द ओर्ता
(द्वितीय वर्ष, कला)

मी पाचवीत होते तेव्हाची गोष्ट. धाकट्या भावाला जुलाब-उलट्या लागल्या. आईवडील त्याला घेऊन तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात गेले. घरात वाचता येणारी मी एकटी, म्हणून मलाही बरोबर नेले. भिंतीवर पाट्या होत्या. त्यांतली ‘पीडियाट्रिक विभाग’ ही पाटी मी मोठ्याने वाचली. वडिलांनी विचारले, म्हणजे काय गं? मला सांगता आले नाही. अक्षरे आपली, शब्द मात्र परका. आत गेल्यावर डॉक्टरांनी आईला काय होतंय ते विचारले. आई म्हणाली, मोडशी झालीय. त्यांना तो शब्द कळला नाही. नीट सांगा, असे ते जरा त्रासून म्हणाले आणि आई जी गप्प झाली ती घरी येईपर्यंत बोलली नाही. भाऊ तीन दिवसांत बरा झाला. आईचे ते गप्प होणे मात्र माझ्या मनात राहिले. त्या दवाखान्यात दोन शब्दांची गाठ पडली होती. एक आम्हाला कळला नाही, दुसरा त्यांना कळला नाही.

गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला सर निजामशाही शिकवीत होते. बोलता बोलता त्यांनी एक नाव घेतले : गार्सिया द ओर्ता. हा पोर्तुगीज वैद्य आपल्या नगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे येत असे, आणि त्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या पुस्तकात आपल्याकडच्या औषधांची नावे लिहून ठेवली आहेत, असे सरांनी सांगितले. त्या नावांत एक नाव ‘मोडशी’ होते. मी वर्गात दचकले. तेव्हापासून ग्रंथालयात या माणसाचा माग काढत राहिले. जे हाती आले ते मित्रमैत्रिणींपुढे ठेवते आहे.

आधी त्या पाटीवरच्या शब्दाविषयी. कारण ओर्ता ज्या विद्येत वाढला, ती सगळी अशाच शब्दांची विद्या होती.

ग्रीक भाषेत ‘इआत्रोस’ म्हणजे बरे करणारा, वैद्य. ‘पाइस’ म्हणजे मूल. या दोघांपासून पीडियाट्रिक हा शब्द झाला. म्हणजे ती पाटी लहान मुलांच्या वैद्याची होती. ‘प्सिखे’ म्हणजे जीव, मन. त्यावरून सायकियाट्रिस्ट, मनाचा वैद्य. ‘गेरास’ म्हणजे म्हातारपण, त्यावरून जेरियाट्रिक. दुसरा शब्द ‘थेरापेइया’. त्याचा मूळ अर्थ सेवाचाकरी. थेरापोन म्हणजे धन्याच्या जवळ राहून त्याचे हवे-नको पाहणारा सोबती. पुढे सेवेचा अर्थ उपचार असा झाला आणि फिजिओथेरपी, केमोथेरपी हे शब्द आले. ‘फार्माकोन’ म्हणजे औषध, आणि विषसुद्धा. त्याच्यावरून फार्मसी. ‘हिगिएइया’ म्हणजे निरोगीपण, त्याच्यावरून हायजीन.

आपल्या शब्दांचेही असेच आहे. वैद्य हा ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूवरून आला. हकीम हा अरबी शब्द शहाणपणावरून आला. डॉक्टर हा लॅटिन शब्द, त्याचा अर्थ शिकविणारा. आणि शुश्रूषा? आपण तो सेवा या अर्थाने वापरतो. पण संस्कृतच्या सरांनी सांगितले की त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. जो ऐकायला तयार आहे तोच सेवा करू शकतो, असे आपल्या पूर्वजांना वाटले असावे. हा अर्थ मनात ठेवून ओर्ताचे चरित्र वाचले, तर ते अधिक चांगले कळते.

गार्सिया द ओर्ताचा जन्म १५०० च्या सुमारास पोर्तुगालमधील काश्तेलु द विद या स्पेनच्या सरहद्दीजवळच्या लहानशा गावी झाला. त्याचे आईवडील ज्यू. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देशातून घालवून दिले, तेव्हा हे कुटुंब सरहद्द ओलांडून पोर्तुगालात आले. पाचच वर्षांनी, १४९७ मध्ये, पोर्तुगालच्या राजाने ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केले. अशांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत. नाव ख्रिस्ती, चर्चमध्ये जाणे ख्रिस्ती, पण शेजाऱ्यांच्या नजरेत कायमचा संशय. शनिवारी चूल पेटली की नाही, घरात डुकराचे मांस शिजते की नाही, यावर लोकांचे डोळे असत. गार्सिया अशा घरात वाढला. आपल्याविषयी कोणते शब्द बोलायचे आणि कोणते गिळायचे, हे त्याला लहानपणीच शिकावे लागले असणार.

त्याचे वडील व्यापारी होते. मुलाला त्यांनी स्पेनमधील सालामांका आणि अल्काला येथील विद्यापीठांत शिकायला पाठविले. त्या काळी वैद्यक शिकणे म्हणजे मुख्यतः जुने ग्रंथ वाचणे. हिपोक्रेटिस, गॅलेन आणि वनस्पतींवर लिहिणारा डायोस्कोरिडिस हे ग्रीक आचार्य, आणि त्यांच्या जोडीला अरबीत लिहिणारा इब्न सीना. ग्रीकांनी लिहिले ते प्रमाण. रोगी समोर वेगळेच काही सांगत असला, तरी ग्रंथ खोटा म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. १५२३ च्या सुमारास शिक्षण संपवून ओर्ता गावी परतला, वैद्यकी करू लागला, मग लिस्बनला गेला. १५३० पासून तो तिथल्या विद्यापीठात निसर्गविज्ञान शिकवीत होता. पस्तिशीच्या आत मानाची जागा मिळाली होती. असा माणूस घरदार सोडून सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासाला का निघाला?

एक कारण उघड आहे. ज्या औषधांची नावे तो ग्रंथांत वाचत होता, त्यांतली अनेक हिंदुस्थानातून येत असत. ती झाडे युरोपात कोणी पाहिली नव्हती. दुसरे कारण उघड बोलण्यासारखे नव्हते. पोर्तुगालात धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, आणण्याच्या हालचाली सुरू होत्या. ते १५३६ साली आलेच. नव्या ख्रिस्त्यांना देश सोडण्यास मनाई होती. पण मार्तिं आफोंसो द सोझा या बड्या सरदाराचा खाजगी वैद्य म्हणून ओर्ताला जहाजावर जागा मिळाली. १२ मार्च १५३४ रोजी ते निघाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात गोव्याला पोहोचले.

पहिली काही वर्षे तो सोझाबरोबर मोहिमांवर फिरला. १५३५ साली गुजरातच्या बहादूरशहाने दीव येथे पोर्तुगीजांना किल्ला बांधू दिला, तेव्हा ओर्ता तिथे होता. काठेवाड, वसई, मलबार हा सगळा किनारा त्याने पाहिला. १५३८ मध्ये सोझा पोर्तुगालला परतला, पण ओर्ता गोव्यातच राहिला. पुढची तीस वर्षे, मरेपर्यंत, तो परत गेला नाही. गव्हर्नर, व्हाइसरॉय, सरदार, व्यापारी असे अनेक जण त्याच्याकडे औषधाला येत. त्याने औषधी वनस्पतींची बाग केली, आणि किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांकडून लांबलांबची मुळे, साली आणि बिया मागवून घेतल्या.

आता आपल्या नगरकडे येऊ.

मलिक अहमदने १४९४ साली अहमदनगर वसविले. त्याचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा सात वर्षांचा असताना गादीवर बसला आणि १५५३ पर्यंत त्याने राज्य केले. आज जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण अहमद निजामशहाची कबर असलेला बागरोजा अजून उभा आहे. आपल्यापैकी कितीतरी जण त्याच्या शेजारून जातात आणि मान वर करून पाहत नाहीत. या बुऱ्हाणशहाच्या दरबारात इराण, अरबस्तान, तुर्कस्तान येथून आलेली विद्वान मंडळी होती. शाह ताहिर हा मोठा पंडित त्यांपैकीच. त्याच्याच प्रभावाने बुऱ्हाणशहा १५३७ साली शिया पंथाचा झाला.

चौलच्या बंदरात पोर्तुगीजांना किल्ला बांधायला निजामशहानेच परवानगी दिली होती. त्यामुळे निजामशाही आणि गोवा यांच्यात कधी मैत्री, कधी भांडण, पण ये-जा चालू असे. ओर्ता या वाटेने घाट चढून वर येई. त्याच्या पुस्तकात आपल्या मुलखाला ‘बालागाते’ म्हटले आहे. घाटावरचा प्रदेश तो बालाघाट. निजाम-उल्-मुल्क याचे पोर्तुगीजांनी ‘निझामालुको’ केले होते. ओर्ता या पदव्या फोडून त्यांचे अर्थ सांगतो. बुऱ्हाणशहावर तो औषधोपचार करी आणि त्याला आपला मित्र म्हणवी. बुद्धिबळातील सोंगट्यांची नावेही, शहापासून प्याद्यापर्यंत, त्याने नोंदवून ठेवली आहेत. जे ऐकेल ते विचारावे आणि लिहून घ्यावे, ही त्याची सवयच होती.

दरबारात निजामशहाच्या पदरचे हकीम त्याला भेटले, आणि इथे एक मोठी गंमत झाली. हे हकीम ज्या वैद्यकाने उपचार करीत, त्याचे नाव युनानी. युनान म्हणजे ग्रीस. आयोनिया या ग्रीक प्रांताच्या नावावरून तो शब्द आला. ग्रीकांचे वैद्यक दोन वाटांनी जगात गेले. एक वाट लॅटिनमधून सालामांकाच्या वर्गात पोहोचली. दुसरी बगदादमधून अरबीत उतरली, इराणातून पुढे आली आणि घाट चढून नगरला पोहोचली. पोर्तुगीज वैद्य ज्याला गॅलेन म्हणे, त्यालाच नगरचे हकीम जालिनूस म्हणत. त्याचा हिपोक्रेटिस तो यांचा बुकरात. इब्न सीना तर दोघांचाही गुरू. समुद्र ओलांडून परक्या मुलखात आलेल्या या माणसाला आपल्या शाळेतले गुरुबंधू नगरच्या दरबारात भेटले!

या दुसऱ्या वाटेने आलेले शब्द आपल्या तोंडी अजून आहेत. ग्रीकात ‘फिसिस’ म्हणजे निसर्ग, प्रकृती. त्यावरून इंग्रजीत फिजिशियन झाला. अरबांनी फिसिससाठी ‘तबीअत’ हा शब्द योजला, आणि आपण एकमेकांना तब्येत कशी आहे म्हणून विचारतो. ग्रीक ‘फ्लेग्मा’चा अरबीत बलगम झाला. ग्रीक ‘ओपिओन’, म्हणजे झाडाचा चीक, त्याचे अरबीत अफयून आणि मराठीत अफू झाले. अफूवर ओर्ताने एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले आहे. म्हणजे ग्रीक शब्द फक्त दवाखान्याच्या पाटीवरच आहेत असे नाही. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माझ्या आजीच्या बोलण्यातही ते आहेत. फक्त ते मराठीचे कपडे घालून आले म्हणून तिला परके वाटत नाहीत.

नगरच्या हकिमांकडून ओर्ताने औषधांची अरबी नावे पडताळून घेतली. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. दख्खनी, गुजराती आणि मलबारी वैद्यांनाही तो विचारत राहिला. मालुपा नावाच्या एका हिंदू वैद्याला तर त्याने आपल्या पुस्तकात बोलायला आणले आहे. अतिसारावर मलबारचे वैद्य काय देतात, हे त्याने लिहून घेतले. विद्यापीठात शिकविलेल्या पंडिताने, ज्यांना लॅटिनचे अक्षर माहीत नाही अशांच्या दारी जाऊन विचारणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

या सगळ्या विचारपुशीतून त्याचे पुस्तक झाले. हिंदुस्थानातील साधी द्रव्ये आणि औषधे यांविषयीचे संवाद, असा त्याच्या नावाचा अर्थ. गोव्यात छापखाना १५५६ साली आला, आणि १० एप्रिल १५६३ रोजी हे पुस्तक तिथे छापून झाले. हिंदुस्थानात छापलेल्या अगदी पहिल्या काही पुस्तकांत त्याची गणना होते. छपाईच्या चुका त्यात भरपूर आहेत. पुस्तकाच्या आरंभी कामोइश या कवीची एक कविता आहे. पुढे पोर्तुगालचा महाकवी ठरलेल्या या माणसाची छापली गेलेली ही पहिली कविता होय.

ओर्ताला लॅटिनमध्ये लिहिता आले असते. विद्वानांत मान मिळवायचा तर तीच भाषा होती. पण त्याने पुस्तक पोर्तुगीजमध्ये, आपल्या बोलण्याच्या भाषेत लिहिले, कारण हिंदुस्थानात राहणाऱ्या साध्या माणसांनाही ते वाचता यावे अशी त्याची इच्छा होती. मराठी माध्यमातून शिकलेल्या माझ्यासारखीला हे वाचून फार बरे वाटले.

पुस्तक दोघांच्या संवादाचे आहे. एक स्वतः ओर्ता, दुसरा डॉक्टर रुआनो. हा रुआनो काल्पनिक आहे. तो नुकताच स्पेनहून आलेला, ग्रंथ तोंडपाठ असलेला विद्वान आहे. प्रत्येक औषधाचे नाव निघाले की तो ग्रीक काय म्हणतात ते सांगतो, आणि ओर्ता इथे डोळ्यांनी काय दिसते ते सांगतो. मला तर वाटते की रुआनो म्हणजे तरुणपणीचा ओर्ताच. तीस वर्षांपूर्वीच्या आपल्याच पंडिताईशी तो वाद घालीत आहे. स्पेनमध्ये असतो तर ग्रीकांविरुद्ध बोलण्याचे धाडस झाले नसते, असेही तो मोकळेपणी कबूल करतो. घरातली अंतोनिया नावाची दासी मधूनच एखादी वनस्पती हातात आणून देते, आणि दोन पंडितांचा वाद त्या पानाफांदीपुढे थांबतो.

प्रत्येक द्रव्याची नावे निरनिराळ्या भाषांत देणे ही त्याची पद्धत. ग्रीक, लॅटिन, अरबी, मलबारी, गुजराती आणि दख्खनी ही नावे तो शेजारी शेजारी ठेवतो. त्यामुळे आपले आंबा, फणस, पान, सुपारी हे शब्द त्या पुस्तकात ग्रीक शब्दांच्या पंक्तीला बसले. या पंक्तीकडे नीट पाहिले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. वैद्याला इआत्रोस म्हणणारे ग्रीक होते खरे, पण त्या इआत्रोसच्या बटव्यातली कितीतरी औषधे आपली होती, आणि त्यांची नावेही आपलीच होती. आपली पिप्पली ग्रीकात ‘पेपेरी’ झाली आणि इंग्रजीत पेपर. शृंगवेर म्हणजे आले. त्याचे ग्रीकात ‘झिंगिबेरिस’ आणि इंग्रजीत जिंजर. कुष्ठ नावाचे सुगंधी मूळ, ज्याला आपण कोष्ठ किंवा उपलेट म्हणतो, ते ग्रीकात ‘कोस्तोस’ झाले. ही देवघेव ओर्ताच्या आधी दीड हजार वर्षे चालली होती. नावे गेली, मालही गेला, पण झाडे पाहायला कोणी आले नव्हते. डायोस्कोरिडिसने लिहून ठेवले होते की लांब पिंपळी आणि मिरी ही एकाच झाडाची. ओर्ताने सांगितले की ती निरनिराळी आहेत. अर्थात तोही माणूसच होता. काळी मिरी आणि पांढरी मिरी यांचे वेल वेगळे, असे त्याने लिहिले, ते चूक होते. एकाच वेलाची फळे निराळ्या रीतीने तयार करून दोन्ही होतात.

या कोष्ठाच्याच प्रकरणात आमची मोडशी आहे. बोलणे चालू असताना एका रोग्याचे बोलावणे येते. ओर्ता जातो आणि परत येऊन त्या आजाराचे वर्णन करतो. उलट्या आणि जुलाब, नाडी लागत नाही, अंग थंडगार, डोळे खोल गेलेले, पायाला वांब, आणि दिवसभरात खेळ संपतो. आशियातील पटकीचे युरोपीय वैद्याने केलेले हे पहिल्या वर्णनांपैकी एक मानले जाते. मग तो नावे देतो. त्याच्या लोकांत याला कॉलेरा म्हणत. तो ग्रीक शब्द असून ‘खोले’ म्हणजे पित्त याच्याशी त्याचे नाते आहे. अरब हैजा म्हणत. आणि इथले लोक मोडशी म्हणत, त्याचे पोर्तुगीजांनी मोर्देशी केले, असे तो सांगतो. पुढे हा शब्द आणखी भटकला. त्यावरून फ्रेंचांनी कुत्र्याचे मरण असा अर्थ निघणारा शब्द बनविला, आणि मूळ विसरल्यावर लोकांना तोच खरा वाटू लागला. आपला शब्द मात्र साधा आहे. माणूस मोडून पडतो, म्हणून मोडशी. आज आपण तो साध्या अपचनाच्या जुलाबालाही वापरतो.

आईचा तो शब्द चुकीचा नव्हता, एवढेच मला हे वाचून कळले.

१५५४ च्या सुमारास ओर्ताला मुंबई बेट वार्षिक खंडाने मिळाले. तेव्हाची मुंबई म्हणजे कोळीवाडे, नारळाच्या बागा आणि भातखाचरे. तिथे त्याने मोठे घर बांधले आणि बाग लावली. पुढे इंग्रजांचा मुंबईचा किल्ला ज्या जागी उभा राहिला, तीच ही जागा. त्याच्या बागेत वर्षातून दोनदा फळणारा एक आंबा होता, त्याचा त्याला मोठा अभिमान. घारापुरीची लेणीही त्याने पाहिली आणि त्यांचे वर्णन पुस्तकात लिहून ठेवले.

बाहेरून पाहणाऱ्याला हा माणूस सुखी दिसत असेल. पैसा, मान, बाग, ग्रंथ, राजाची मैत्री. पण ज्या भीतीने तो देश सोडून आला, तीच भीती जहाजात बसून त्याच्या मागे आली. त्याची आई आणि बहिणी पोर्तुगालात तुरुंगवास भोगून १५४९ च्या सुमारास गोव्याला आल्या होत्या. १५६० साली गोव्यातही इन्क्विझिशन सुरू झाले. म्हणजे पुस्तक छापले जात होते, तेव्हा धर्मन्यायालय त्याच शहरात बसलेले होते. साऱ्या जगाच्या भाषांत औषधांची नावे सांगणाऱ्या या माणसाने आपल्या घरच्या धर्माचे नाव मात्र त्या पुस्तकात कुठे येऊ दिले नाही.

१५६८ साली ओर्ता गोव्यात वारला. त्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला धरले. भाऊ मनाने ज्यू धर्मच पाळीत होता, असे तिच्याकडून वदवून घेतले. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. एवढ्यानेही न्यायालयाचे समाधान झाले नाही. १५८० च्या डिसेंबरात, मरून बारा वर्षे झालेल्या ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढली आणि ती जाळली.

तोपर्यंत त्याचे पुस्तक मात्र हाताबाहेर गेले होते. क्लूसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५६७ साली अँटवर्पला त्याचा लॅटिन सारांश छापला, आणि युरोपभर वैद्य तो वाचू लागले. गोव्यात हाडे जळत होती तेव्हा दूरदेशी विद्यार्थी त्याच्याच शब्दांवरून हिंदुस्थानची झाडे शिकत होते. त्याच्या कुटुंबाची हकिगत पुढे साडेतीनशे वर्षे कोणाला नीट माहीत नव्हती. १९३४ साली न्यायालयाचे जुने कागद अभ्यासून ती उजेडात आणली गेली. पोर्तुगालने नंतर त्याचे चित्र आपल्या नाण्यावर छापले. पणजीतील एका जुन्या बागेला त्याचे नाव आहे. आपल्या नगरमध्ये गंगाधरशास्त्री गुणे यांच्या नावाचे आयुर्वेद महाविद्यालय आहे, जुन्या हकिमांच्या आठवणी आहेत, मोठी इस्पितळे आहेत. ओर्ताची खूण मात्र कुठे दिसत नाही.

त्याचे सगळेच आपल्याला पटावे असे नाही. तो राज्य करायला आलेल्यांच्या बाजूचा होता. त्याच्या घरात दासदासी होत्या, आणि अंतोनिया पाने आणून देते पण तिचे स्वतःचे म्हणणे फारसे ऐकू येत नाही. ज्यांनी त्याला नावे सांगितली त्या बहुतेक वैद्यांची स्वतःची नावे आपल्याला माहीत नाहीत. हे विसरू नये. तरीही, त्याने विचारले आणि ऐकले, हे खरेच. ग्रीकात काय म्हणतात ते ठाऊक असूनही इथे काय म्हणतात, असे विचारण्याची लाज त्याला वाटली नाही.

त्याच्या पुस्तकात पारिजातकाचे एक प्रकरण आहे. गोव्यात ऐकलेली कथा त्याने तिथे सांगितली आहे. एका मुलीचे सूर्यावर प्रेम बसले, सूर्याने तिला टाकले, तिने जीव दिला. तिला जाळले त्या राखेतून हे झाड उगवले, म्हणून त्याची फुले सूर्य उगवण्याआधीच गळतात. ही कथा लिहिताना आपल्या बहिणीचे आणि आपल्या हाडांचे पुढे काय होणार, हे त्याला ठाऊक नव्हते. आमच्या महाविद्यालयाच्या फाटकाशी पारिजातक आहे. सकाळच्या तासाला येताना तिथे सडा पडलेला असतो. हल्ली मला तो ओलांडून जाववत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा ही सगळी हकिगत आईला सांगितली. नगरच्या बादशहाकडे एक फिरंगी वैद्य येत होता, त्याने मोडशी हा शब्द साडेचारशे वर्षांपूर्वी पुस्तकात छापला, असे म्हटले. आई भाकरी थापत होती. थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले की त्याला तो शब्द कोणी सांगितला असेल. मी म्हटले, असेल कोणीतरी बाई, आजारी पोराला घेऊन आलेली. आई हसली आणि दवाखान्यातल्या त्या पाटीवर काय लिहिले होते ते आता सांग, म्हणाली. मी तिला सांगितले : पाइस म्हणजे मूल, इआत्रोस म्हणजे वैद्य. तिने दोन्ही शब्द एकदा म्हणून पाहिले आणि तव्यावरची भाकरी उलटली.